पुढच्या काचेला फिल्म मारताय? आधी काचेत काय काय बसवलंय ते बघा

लातूर/नांदेड : एप्रिल लागला की कार ॲक्सेसरीजच्या दुकानांपुढं गाड्यांची रांग लागते. पारा ४२ च्या पुढं, गाडी बाजार समितीच्या आवारात दोन तास उन्हात उभी, आत बसलं की स्टिअरिंगला हात लावता येत नाही. मग दुकानदार सांगतो, "दादा, चारी बाजूंनी फिल्म मारून घ्या, एसी लगेच लागतो." मागणी चुकीची नाही. ऊन खरंच आहे. पण पुढची काच ही आता नुसती काच राहिलेली नाही, आणि तिथंच गडबड होते.

पुढची काच लॅमिनेटेड असते. म्हणजे दोन पातळ काचा आणि मधे साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा थर. दगड लागला तर काच तडकते, पण तुकडे त्या थराला चिकटून राहतात, तोंडावर येत नाहीत. (ही कल्पना फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्तस यांना १९०३ मध्ये सुचली. प्रयोगशाळेतली बाटली खाली पडली, तडकली, पण आत वाळलेल्या द्रावणाच्या थरामुळं विखुरली नाही.) अशा काचा आपल्या राज्यातही बनतात. पुण्याजवळ चाकणला सेंट-गोबेन सेक्युरिटचा कारखाना आहे.

नवीन गाडीची काच नीट बघा, थोडी हिरवट दिसेल. तो रंग वरून मारलेला नसतो. काचेतल्या लोहामुळं तो येतो, आणि तेच लोह उन्हातली उष्णता शोषतं. काही गाड्यांत मधल्या थरातच उष्णता अडवणारा माल मिसळलेला असतो. म्हणजे कंपनीनं उन्हाची थोडी सोय आधीच करून दिलेली असते.

आता आरशाच्या मागं बघा. महिंद्रा एक्सयूव्ही ७००, टाटा हॅरिअर, ह्युंदाई क्रेटा यांच्या वरच्या मॉडेलमध्ये तिथं कॅमेरा असतो. पुढची गाडी, माणूस, रस्त्यावरचा पट्टा तो ओळखतो आणि गरज पडली तर ब्रेकही लावायला लावतो. हा कॅमेरा काचेतूनच बघतो. पुष्कळ गाड्यांत शेजारी पावसाचा सेन्सरही असतो. तो काचेत आतून तिरका इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. काच कोरडी असली की प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन परत येतो, थेंब पडला की काही प्रकाश बाहेर निसटतो, आणि वायपर सुरू होतो.

अडचण इथं आहे. उष्णता अडवायची म्हणजे इन्फ्रारेड अडवायचा, आणि सेन्सर तर इन्फ्रारेडवरच चालतो. म्हणून काच बनवणारे सेन्सरपुढचा तेवढा भाग मोकळा ठेवतात, किंवा सेन्सरला लागणारा प्रकाश जाऊ देणारा थर वापरतात. कारखान्यात हे मोजूनमापून केलेलं असतं. आपण त्यावर बाजारातली फिल्म सरसकट चिकटवली की ते मोजमाप गेलं.

फास्टॅगचंही तसंच. तो रेडिओ लहरींवर चालतो आणि धातूचा अंश असलेली फिल्म त्या लहरी अडवते. नागपूर-तुळजापूर रस्त्यावर टोलनाक्याला गाडी मागं-पुढं करावी लागत असेल तर दर वेळी टॅगलाच दोष देऊ नका, काचेवर काय लावलंय तेही बघा.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत यायला हवा. सर्वोच्च न्यायालयानं २७ एप्रिल २०१२ ला अविषेक गोएंका खटल्यात सांगितलं की काचेवर वेगळी काळी फिल्म लावायचीच नाही. काच कारखान्यातूनच तशी बनून आलेली असेल तर चालते. सवलत फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना. (आपल्याकडं गल्लीतल्या पुढाऱ्याच्या गाडीलाही काळी काच दिसते, ती गोष्ट वेगळी.) सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं नव्या नियमांचा आधार घेऊन ठराविक दर्जाच्या फिल्मला परवानगी दिली आणि तेव्हापासून दुकानदार "आता चालतं" म्हणतात. तो निकाल दाखवून इथल्या नाक्यावर सुटका होईल या भरवशावर पैसे घालू नका.

"आमची फिल्म ५० टक्केवाली आहे" असंही ऐकायला मिळतं. इथं हिशेब करा. काच आधीच ७५ टक्के उजेड सोडते. त्यावर ५० टक्क्यांची फिल्म बसली की ७५ चे निम्मे, म्हणजे साडेसदतीस टक्के. नियमाच्या बाहेर.

दंड भरून सुटता येईल, पण गळीत हंगामातली रात्र आठवा. अहमदपूर, लोहा, औसा, कुठल्याही रस्त्याला जा. रिफ्लेक्टर नाही, मागचा दिवा नाही, उसाची डबल ट्रॉली अंगावर आल्यावरच दिसते. साध्या काचेतून ही गत. निम्मा उजेड कापल्यावर ती ट्रॉली किती जवळ आल्यावर दिसेल? आणि त्याच काचेमागचा कॅमेराही तेवढाच आंधळा होतो.

टिपरचा खडा लागून काच तडकली आणि बदलायची वेळ आली, तर कोपऱ्यावरचा शिक्का वाचा. आयएस २५५३ चा उल्लेख हवा. तुमच्या मॉडेलला कॅमेरा असेल तर कॅमेऱ्यासाठी जागा सोडलेलीच काच मागा, आणि काच बसल्यावर कॅलिब्रेशन झालं का ते विचारून बिलावर लिहून घ्या. नुसती काच चिकटवून "झालं काम" म्हणणाऱ्याकडं अशी गाडी देऊ नका. कॅमेरा थोडा तिरका बसला तरी लांबची गाडी भलत्याच ठिकाणी धरतो.

विम्याचं : फक्त थर्ड पार्टी असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची पॉलिसी असेल तर काचेवर घसारा कापला जात नाही. मात्र क्लेम केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जाऊ शकतो, म्हणून काचेची किंमत आणि बोनसची रक्कम आधी ताडून बघा.

उन्हासाठी सोपं म्हणजे गाडी उभी केल्यावर आतून चकचकीत सनशेड लावा आणि निघताना काढून मागच्या सीटवर टाका. बसण्याआधी चारी दारं दोन मिनिटं उघडी ठेवली तर कोंडलेली गरम हवा निघून जाते, मग एसी लवकर लागतो.