टाळेबंदीतला पीएफ कुणी भरला?

टाळेबंदीचा विषय निघाला की मेहकरच्या बाजारपेठेत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. कामगार म्हणतो, "सरकारनं बंद ठेवलं, तेव्हा सरकारनं पगार दिला; मालकानं तो गिळला." मालक म्हणतो, "आम्हाला दमडी मिळाली नाही." दोघांची चीड खरी आहे, पण माहिती दोघांचीही अर्धवट आहे.

बंद पडलेल्या धंद्याचा पगार केंद्र सरकारनं भरून दिला नव्हता. अमेरिकेत तशी सवलत होती. मार्च २०२० च्या कायद्यानुसार, सरकारी आदेशामुळे धंदा पूर्ण किंवा अंशतः थांबला, किंवा उलाढाल फार घसरली, तर कामगार ठेवणाऱ्या मालकाला पगारावरच्या करातून एका कामगारामागे २०२० सालासाठी ५,००० डॉलरपर्यंत वजावट मिळे. आपल्याकडे उलट होतं. २९ मार्च २०२० च्या केंद्रीय आदेशानं मालकांनाच सांगितलं, की बंद काळातही पगार कापू नका. तो आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला. त्यानंतर १२ जूनला सर्वोच्च न्यायालयानं, मधल्या काळाच्या पगाराबद्दल मालक आणि कामगारांनी आपसात बोलून तोडगा काढावा, अशी वाट दाखवली. त्या बोलण्यातून मेहकरच्या कापड दुकानातल्या किंवा हॉटेलातल्या पोराच्या हाती काय लागलं, हे सांगायची गरज नाही.

पगाराला जोडून खरी मदत आली ती भविष्यनिर्वाह निधीतून, म्हणजे पीएफमधून. २६ मार्च २०२० ला जाहीर झालेल्या प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजमध्ये केंद्रानं कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के, असे दोन्ही हिस्से भरले. आधी मार्च ते मे आणि मग वाढवून ऑगस्टपर्यंत, असे सहा महिने. अट अशी की आस्थापनेत १०० पर्यंत कामगार असावेत आणि त्यांतल्या किमान ९० टक्क्यांचा पगार १५,००० च्या आत असावा. देशभरात ३८ लाखांवर कामगारांच्या खात्यांत अडीच हजार कोटींहून जास्त रक्कम जमा झाली.

हे प्रत्यक्षात कसं चाले, ते १२,००० रुपये पगाराच्या एका माणसावरून पाहू. एरवी त्याच्या पगारातून १,४४० रुपये कापले जात आणि मालक तितकेच वरून घाली. मालकाच्या हिश्श्यातले जवळपास १,००० पेन्शन खात्यात आणि बाकीचे पीएफमध्ये जात. योजनेच्या महिन्यांत मालकानं आधी पगार द्यायचा, पगार दिल्याचं ऑनलाइन विवरणपत्रात लिहून द्यायचं आणि ते भरायचं. मग चलनावर दोन आकडे वेगळे दिसत: सरकार भरणार तो आणि मालकानं भरायचा तो. मालकानं आपली उरलेली रक्कम भरली, की सरकारचे २,८८० रुपये थेट कामगाराच्या यूएएनमध्ये, म्हणजे त्याच्या पीएफच्या खाते क्रमांकावर, जमा होत. ती रक्कम मालकाच्या बँक खात्यात कधी आलीच नाही, त्यामुळे "मालकानं गिळला" हा आरोप या पैशाला लागू होत नाही. पण एक गोष्ट मालक करू शकत होता, आणि ती सरळसरळ चुकीची होती: सरकार हिस्सा भरत असतानाही पगारातून १,४४० कापणं. त्या सहा महिन्यांत हातात पूर्ण १२,००० पडायला हवे होते (व्यवसायकर वगैरे सोडून). तसं झालं नसेल, तर ती कपात कामगाराच्या हक्काची आहे.

"पीएफ दहा टक्के झाला तेव्हा उरलेले दोन टक्के सरकारनं भरले," हा आणखी एक पक्का गैरसमज. मे, जून आणि जुलै २०२० साठी दोघांचेही दर १२ वरून १० टक्के झाले, इतकंच. ते दोन टक्के कुणीच भरले नाहीत. कामगाराच्या हातात थोडा जास्त पैसा आला, खात्यात तितकाच कमी गेला. ज्यांचा हिस्सा सरकार भरत होतं, त्यांना ही कपात लागूच नव्हती.

मग मालकांची तक्रार खोटी का? नाही. पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो. मेहकरचं कृषी केंद्र, किराणा, सलून, खानावळ अशा ठिकाणी चार-पाच माणसं असतात, आणि तीही बहुतेकदा वहीच्या मागच्या पानावर. यादीच नाही, तर मदत पोचणार कुठे? स्वेच्छेनं नोंदणी करायची सोय कायद्यात आहे, पण ती कुणी समजावून सांगत नाही. माझ्या मते त्या वर्षाची सगळ्यात मोठी चूक हीच होती: सर्वाधिक होरपळलेला माणूस योजनेच्या कक्षेतच नव्हता. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये स्वनिधी योजना आली खरी, पण ते १०,००० रुपयांचं कर्ज होतं.

आता तालुक्यातल्या त्या पोरांबद्दल, जी वाळूज, चाकण, रांजणगावहून २०२० साली परत आली. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेली आत्मनिर्भर भारत रोजगार योजना त्यांच्या उपयोगाची होती. "माझा यूएएन जुना, म्हणजे मी नवा कामगार नाही," असं समजून अनेकांनी चौकशीच केली नाही. १ मार्च ते ३० सप्टेंबर २०२० या काळात काम गेलं असेल आणि ३० सप्टेंबरपर्यंत पीएफ असलेल्या दुसऱ्या ठिकाणी लागला नसाल, तर पुढच्या नोकरीत १५,००० च्या आतल्या पगारावर तुम्ही नवेच धरले जात होता. एक हजारापर्यंत कामगार असलेल्या आस्थापनेत दोन्ही हिस्से दोन वर्षं केंद्र भरे. त्याहून मोठ्या कारखान्यात फक्त कामगाराचा. मालकाला मात्र सप्टेंबर २०२० ची कामगारसंख्या टिकवून वर ठरलेली माणसं वाढवावी लागत: ५० पर्यंत असतील तर किमान दोन, जास्त असतील तर पाच.

"अजून क्लेम करता येतो, कमिशन द्या," असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. त्या योजनेची नोंदणी ३१ मार्च २०२२ ला संपली. अशा दलालांचा सुळसुळाट अमेरिकेतही इतका झाला, की सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या कर खात्याला नवे अर्ज तपासणंच थांबवावं लागलं.

करण्यासारखं एकच आहे, आणि ते फुकट आहे. उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडा आणि मार्च ते ऑगस्ट २०२० च्या नोंदी महिनावार पाहा. कामगार, मालक आणि पेन्शन असे तीन रकाने दिसतील. कारखाना बदलताना दुसरा यूएएन निघाला असेल, तर जुन्याचंही पासबुक तपासा. महिना गाळलेला दिसला, तर त्या काळातली पगारचिठ्ठी किंवा बँकेची नोंद जोडून पीएफच्या तक्रार पोर्टलवर लिहा.

सध्या १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातल्या नव्या नोकऱ्यांसाठी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना सुरू आहे. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्याला एका महिन्याच्या पगाराइतकी, जास्तीत जास्त १५,००० ची रक्कम दोन हप्त्यांत मिळते, आणि यावेळी मालकालाही नव्या कामगारामागे महिन्याला ३,००० पर्यंत मिळतात. पण रस्ता तोच आहे: पीएफची नोंदणी, आधार जोडलेला यूएएन, वेळेवर भरलेलं विवरणपत्र. समृद्धी महामार्गामुळे मेहकरच्या आसपास नवी गोदामं किंवा ढाबे टाकायच्या विचारात असाल, तर पहिला माणूस कामावर घेण्याआधीच हिशेबनीसाला या योजनेबद्दल विचारा.