वसंतात फुलणारी आमरी : कुंडीतील जोपासना आणि विभागणी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत बांधावरील आंबा, जांभूळ, ऐन इत्यादी जुन्या झाडांच्या फांद्यांवर पांढुरक्या, जाड मुळांनी चिकटलेल्या लहान वनस्पती पुष्कळदा दृष्टीस पडतात. आंब्याची साफसफाई करताना बांडगुळाबरोबर त्याही कोयत्याने खरवडून टाकल्या जातात. वास्तविक ती आमरी, म्हणजेच ऑर्किड होय. झाडाचे ती काहीही नुकसान करीत नाही. एकदा खरवडून काढलेली आमरी त्या झाडावर पुन्हा येण्यास मात्र कित्येक वर्षे लागतात. म्हणून प्रथम या दोहोंतील भेद ओळखणे आवश्यक आहे.

बांडगूळ आणि आमरी

बांडगुळाची मुळे फांदीच्या लाकडात शिरून तेथील पाणी व क्षार शोषून घेतात. जोडाच्या जागी फांदी सुजल्यासारखी दिसते. असे बांडगूळ जोडाच्या खालून फांदीसह कापून काढणेच इष्ट. आमरीची मुळे मात्र सालीच्या पृष्ठभागावरच पसरतात. त्यांच्यावरील स्पंजासारखे पांढरे आवरण पावसाचे पाणी व हवेतील ओलावा टिपून घेते. झाडाकडून ती केवळ आधार घेते. मूळ हळूच उचलून पाहिल्यास ते सालीत शिरलेले नाही, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

आमरीचे बी धुळीसारखे बारीक असून त्यात रोपाच्या पोषणासाठी अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीचे साहाय्य मिळाले तरच निसर्गात ते रुजते. नडसन या शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये साखर व क्षारयुक्त माध्यमावर बुरशीवाचून बी रुजविण्याची रीत दाखविली; परंतु तिला प्रयोगशाळा लागते. घरच्या घरी वाढ करण्यास विभागणी हाच सुलभ मार्ग आहे.

कोणत्या आमरीची विभागणी करावी

सह्याद्रीतील डेन्ड्रोबियम बार्बाट्युलम व डेन्ड्रोबियम ओव्हॅटम या आमरी पावसाळ्यात पाने धरतात, नंतर पाने गाळतात आणि हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत उघड्या कांड्यांवर फुलतात. पहिलीची फुले पांढरी, तर दुसरीची पिवळसर हिरवी असतात. या आमरींत दरवर्षी जुन्या कांड्याच्या बुडाशी नवा कोंब येतो व झुबका वाढत जातो. अशाच झुबक्याची विभागणी करता येते. ग्रीष्माच्या अखेरीस फुलणारी सीतेची वेणी मात्र एकाच खोडाने शेंड्याकडे वाढते. तिचे खोड मधून कापू नये. त्यात संपूर्ण झाड गमावण्याचा धोका असतो.

कुंडी व भरण

आमरीच्या कुंडीत माती घालू नये. मातीने मुळांची हवा कोंडते व ती कुजतात. १० ते १२ सेंटिमीटर व्यासाची, बाजूंनाही भोके असलेली मातीची कुंडी घ्यावी. तळाशी कौलाचे तुकडे घालून वर लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळून भरावेत. सोडण आधी काही दिवस पाण्यात भिजवून, पाणी वरचेवर बदलून वापरावे. मोठी कुंडी हिताची नसते. तिच्यातील भरण लवकर वाळत नाही.

विभागणीची रीत

फुले गळल्यानंतर, नवा कोंब दिसू लागून त्याच्या बुडाशी मुळांचे टोक येण्याच्या सुमारास, म्हणजे साधारणतः चैत्र-वैशाखात विभागणी करावी. यायोगे पावसाळ्यापूर्वी जखम सुकते व नवी मुळे लगेच भरणात शिरतात.

कुंडी भिजवून झुबका अलगद बाहेर काढावा. कुजलेली, पोकळ मुळे कापावीत. नंतर प्रत्येक भागात किमान तीन ते चार कांडी व एक जिवंत डोळा राहील अशा बेताने बुडाचा जोड कापावा. एकेक कांडे वेगळे करण्याचा मोह टाळावा. असा भाग फुलण्यास फार विलंब लावतो. चाकू प्रत्येक झाडाला लावण्यापूर्वी ज्वाळेवर तापवून निववावा, कारण आमरीचे विषाणुरोग पात्यावरील रसातून पसरतात. कापावर कोळशाची पूड लावावी. ताम्रयुक्त औषध डेन्ड्रोबियमच्या कोवळ्या कोंबास अपाय करू शकते. ते वापरू नये.

भाग कुंडीत बसवून काठीला बांधावा. कांड्यांचे बूड भरणात गाडू नये. पहिला आठवडा केवळ पाण्याचा हलका फवारा द्यावा.

वर्षभराची निगा

या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून नव्याने विभागलेल्या कुंड्या पहिल्या पावसाळ्यात ओटीच्या वळचणीपासून दूर, हवेशीर पडवीत टांगाव्यात. टांगल्याने गोगलगायींपासूनही संरक्षण होते. वाढीच्या काळात १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम याप्रमाणे आठवड्यातून एकदा फवारावे. पाने पिवळी पडू लागताच खत बंद करून पाणी कमी करावे. या विश्रांतीच्या काळात भरपूर पाणी व खत दिल्यास फुलांऐवजी कांड्यावर पिल्ले फुटतात. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हापासून सावली द्यावी. पिठ्या ढेकूण व खवले कीड दिसताच ओल्या फडक्याने पुसून काढावी.

वनातील आमरीस हात लावू नये

भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या २०१९ च्या सूचीत देशातील आमरींच्या १,२५६ जाती नोंदल्या आहेत. त्यांपैकी अनेक अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. माथेरान व त्याच्या भोवतालचा परिसर २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. राखीव वनातून वनस्पती काढून आणणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. घरी जोपासण्यास स्वतःच्या बांधावरील झाडाच्या मोडून पडलेल्या फांदीवरील आमरी पुरेशी आहे. विक्रीचा हेतू असल्यास रोपवाटिकेतील संकरित डेन्ड्रोबियमची रोपे विकत घ्यावीत. त्यांची विभागणी याच रीतीने होते.

या कामात घाई उपयोगी नाही. एका कुंडीच्या तीन होण्यास सुमारे तीन वर्षे लागतात आणि सर्व भाग जगल्यास सहा वर्षांनी नऊ होतात. विभागलेला एखादा भाग पावसाच्या आरंभी काथ्याच्या दोरीने पुन्हा आंब्याच्या फांदीवर बांधावा. त्याच हंगामात मुळे साल धरतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आंब्याच्या साफसफाईपूर्वी गावातील एकाच झाडाखाली शेतकऱ्यांना एकत्र बोलावून बांडगूळ व आमरी यांचे मूळ प्रत्यक्ष दाखवावे. एवढ्याने पुष्कळ झाडांवरील आमरी कोयत्यापासून वाचेल.