साखळी बोलता कामा नये

पहाटे 4. ब्लाइथ, कॅलिफोर्निया. काल दुपारी ओशनसाइडच्या किनाऱ्यावरून ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत सुटली. पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर, एकट्या स्वाराला मुदत 12 दिवसांची. रात्री मोटार स्वाराच्या मागे असावीच लागते. तिच्या मागच्या सीटवर मेकॅनिक काच खाली करून बसलाय आणि कान साखळीकडे. कोरडी साखळी कुरकुरते, नीट तेल प्यायलेली गप्प असते. गप्प आहे. बरं वाटतं.

सकाळी 8. पार्कर. कोलोरॅडो नदी ओलांडली की अ‍ॅरिझोना. ‘दादा, दोन मिनिटं थांबा, सायकल बदलतो.’ स्वार दुसऱ्या सायकलवर पुढे जातो आणि मेकॅनिकचा खरा दिवस सुरू होतो.

आधी ब्रश आणि डीग्रीझर. मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. साखळीच्या एकेका रोलरवर तेलाचा एकेक थेंब, पेडल उलटं फिरवून तेल आत मुरवायचं आणि वरचं सगळं पुसून काढायचं. वर राहिलेलं तेल वाळवंटातली धूळ धरतं आणि मग साखळी दातेरी चक्राला घासून खाते. गेज लावून बघायचं. साखळी 0.5 टक्क्याच्या पुढे लांबली, की बदलायची, हळहळायचं नाही. टायरवरून अंगठा फिरवायचा: हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात, आणि सराटेही असतात. हो, आपल्याकडच्या माळरानावर चपलेत घुसतात तेच. शेवटी कार्बन फ्रेमचे बोल्ट टॉर्क पान्याने, आकडा पाहूनच. अंदाजाने आवळणारा माणूस माझ्या मते कार्बनच्या जवळ जाऊच नये.

आता सायकल उन्हात अशी चमकते की शेजारच्या चमूतला माणूस वळून बघतो. याला शौक म्हणणारे म्हणोत.

दुपारी 12. सेलोमकडे. पारा चाळिशीच्या वर. सायकल गाडीच्या सावलीत, कारण तापलेल्या टायरमधली हवा फुगते. बाकी वेळ बर्फ, पाणी, बर्फ.

संध्याकाळी 5. काँग्रेस गावापुढे यार्नेलचा घाट, जवळपास 500 मीटरचा चढ. इथे हलकी सायकल आणि सोपे गिअर. चढ संपला की उतार आहेच, म्हणून ब्रेकचे पॅड आत्ताच तपासायचे. 7 वाजता दिवे, परावर्तक पट्ट्या, आणि गाडी पुन्हा मागे.

रात्री 10. प्रेस्कॉट. स्वाराला दीड तासाची झोप. मेकॅनिक जागा, कारण इलेक्ट्रॉनिक गिअरची बॅटरी चार्जिंगला लावायची आहे आणि उद्याचं चाक आत्ताच सरळ करायचं आहे.

2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी दोघांचा संघ म्हणून ही शर्यत पूर्ण केली. 2017 साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने 11 दिवस 21 तास 11 मिनिटं घेतली. मुदतीला तीन तासही उरले नव्हते. एकेका पंक्चरला पाच-दहा मिनिटं जातात, हिशोब करा. पुढच्या जूनमध्ये शर्यत संपल्याचे फोटो आले, की पदकासोबत साखळीकडेही बघा.