पाहुणे शास्त्रज्ञ, पेशीचं संशोधन आणि आपला नंदुरबार जिल्हा



विद्यापीठात किंवा महाविद्यालयात बाहेरून शास्त्रज्ञ येतात आणि पेशीविज्ञानावर व्याख्यान देतात. पडद्यावर रंगीत पेशी दिसतात, टाळ्या होतात, आभारप्रदर्शन होतं आणि सगळे घरी जातात. "छान होतं, पण आपल्या मुलांना याचा काय उपयोग?" हा प्रश्न मात्र मनात राहतो.

नंदुरबार जिल्ह्यापुरतं या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं : सिकलसेल. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, शहादा या सगळ्या तालुक्यांत सिकलसेल हा शब्द लोकांना ठाऊक आहे. पण तो पेशीचा आजार आहे म्हणजे नक्की काय, हे फार थोड्यांना सांगता येतं. आज आपण तेच समजून घेऊया. शास्त्रज्ञ एकमेकांना भेटले, बोलले आणि गावापर्यंत आले, त्यातून हे ज्ञान कसं तयार झालं तेही पाहूया.

आधी तांबडी पेशी समजून घेऊ

आपल्या हाडांच्या मगजात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या रक्तपेशी तयार होतात. पेशी तयार होताना शेवटी आपलं केंद्रकच बाहेर टाकते. त्यामुळे "प्रत्येक पेशीत केंद्रक असतं" असं फळ्यावर लिहिताना तांबड्या पेशीचा अपवाद जरूर सांगावा. केंद्रक का नाही? तर हिमोग्लोबिनला जास्त जागा मिळावी म्हणून, असं साधारण समजलं जातं. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू भरलेले असतात. ऑक्सिजन वाहून नेणं हे त्यांचं काम.

निरोगी तांबडी पेशी मध्ये दबलेल्या गोल चकतीसारखी असते. तिची रुंदी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट. सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या तर तिच्यापेक्षाही अरुंद असतात. पण पेशी मऊ आणि लवचिक असल्यामुळे दुमडून, चेपून पुढे जाते. असं सुमारे १२० दिवस चालतं.

सिकलसेलच्या रुग्णात ऑक्सिजन कमी झाला की हीच पेशी कडक होते आणि विळ्यासारखी वाकते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. कडक पेशी अरुंद वाहिनीत अडकते, मागचा रक्तपुरवठा थांबतो आणि असह्य वेदना होतात. अशा पेशी १० ते २० दिवसांतच फुटतात. नव्या पेशी तितक्या वेगाने तयार होत नाहीत, म्हणून रक्त कमी पडतं.

बोलण्यातून पुढे गेलेलं संशोधन

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या वाकड्या पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक विद्यार्थी. पेशी वाकतात हे दिसलं, पण का वाकतात ते कळलं नव्हतं.

१९४५ मध्ये एका समितीच्या कामानिमित्त दोन वेगळ्या क्षेत्रांतले लोक एकत्र आले : हार्वर्डचे डॉक्टर विल्यम कॅसल आणि रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग. गप्पांमध्ये कॅसल यांनी सिकलसेलचा विषय काढला. ऑक्सिजन सोडून परतणाऱ्या रक्तात पेशी वाकतात, हे ऐकून पॉलिंग यांना वाटलं की दोष पेशीच्या आतल्या हिमोग्लोबिनमध्येच असणार. १९४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सिद्ध केलं. एखादा आजार एका रेणूतल्या बदलामुळे होतो, हे तेव्हा पहिल्यांदाच दाखवलं गेलं.

पुढचा टप्पा केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी गाठला. हे मुलांना माळेच्या उदाहरणाने सांगावं. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी म्हणजे १४६ मण्यांची माळ समजा. इन्ग्राम यांनी १९५७ मध्ये दाखवलं की सिकलसेलमध्ये फक्त सहावा मणी बदललेला असतो. तिथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बाकी माळ जशीच्या तशी! पण त्या एका मण्यामुळे ऑक्सिजन नसताना रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोर तयार होतात आणि आतून पेशीला ताणून वाकवतात.

कॅसल यांनी आपलं निरीक्षण सांगितलं नसतं, तर पॉलिंग यांचं लक्ष तिकडे कधी गेलं असतं कोण जाणे. व्याख्यान, भेट, प्रश्नोत्तरं यांचं महत्त्व ते हेच.

शास्त्रज्ञ आपल्या भागात आले तेव्हा

भारतात हा आजार आहे हे १९५२ मध्ये नोंदलं गेलं. हर्मन लेहमन आणि मेरी कटबुश या परदेशी संशोधकांनी दक्षिणेत निलगिरीच्या आदिवासींची रक्ततपासणी केली आणि हे जनुक त्यांच्यात आढळल्याचं लिहिलं.

जनुक इतकं टिकून का राहिलं, याचा धागा मलेरियाशी जोडलेला आहे. रक्ताचे असे आजार आणि मलेरिया यांचा संबंध असावा, असा अंदाज जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला होता. पुढे १९५७ मध्ये तेही भारतात येऊन राहिले. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या व्यक्तीला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून पिढ्यान् पिढ्या मलेरिया असलेल्या जंगल-डोंगरपट्ट्यांत हे जनुक टिकलं. हे वर्गात ठासून सांगायला हवं. सिकलसेल हा देवाचा कोप नाही, की कुठल्या जमातीचा कमीपणा नाही. पूर्वज मलेरियातून वाचले, त्याची ही खूण आहे.

महाराष्ट्रात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत वर्षानुवर्षे तपासण्या केल्या. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा अभ्यासांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान या जमातींत हे जनुक असणाऱ्यांचं प्रमाण २० ते ३५ टक्के आढळलं. आता आपल्या वर्गाचा हिशेब करा. ४० मुलांच्या वर्गात २० टक्के धरले तरी ८ मुलं होतात. त्यातली बहुतेक वाहक असतील, पण एखादं मूल रुग्णही असू शकतं.

वाहक आणि रुग्ण यांत फरक आहे

आई-वडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालं तर मूल वाहक होतं. वाहक सहसा आजारी नसतो. दोघांकडूनही मिळालं तर मूल रुग्ण होतं. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक मूल होण्याची ५० टक्के आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के.

"पहिलं मूल आजारी आहे, म्हणजे आता पुढची तीन चांगली होणार" असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तीच असते. वर्गात करून पाहा : दोन पिशव्या घ्या, प्रत्येकीत एक तुरीचा आणि एक वालाचा दाणा टाका. तुरीचा दाणा म्हणजे सिकलसेलचं जनुक. डोळे मिटून दोन्ही पिशव्यांतून एकेक दाणा काढायचा, नोंद करायची आणि दाणा परत टाकायचा. असं ४० वेळा करा. दोन्ही दाणे तुरीचे किती वेळा आले, हे मुलं स्वतःच मोजतील.

एक काळजी मात्र घ्या. वर्गातल्या कुठल्याही मुलाचं किंवा घराचं नाव उदाहरणात घ्यायचं नाही. वाहक असल्याचं कळल्यावर मुलीच्या लग्नात अडथळा येईल, या भीतीने लोक तपासणीच टाळतात. आणि दोष एकट्या आईचा कधीच नसतो. मूल रुग्ण आहे, याचा अर्थ जनुक दोन्हीकडून आलं आहे.

हे ज्ञान शाळेत कुठे लागतं?

नववीच्या विज्ञानात हा आजार येतो, पण खरी गरज वर्गाच्या रोजच्या व्यवहारात आहे. विशेषतः आश्रमशाळेत, जिथे मूल चोवीस तास आपल्याकडे असतं.

१. पाणी : शरीरातलं पाणी कमी झालं की पेशी लवकर वाकतात. मुलाला तासातही पाणी पिऊ द्या.

२. लघवी : या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून मूल वारंवार जातं, कधी अंथरूणही ओलं करतं. त्यावरून रागावू नये, हसू नये.

३. थंडी : थंड पाण्याची अंघोळ, हिवाळ्यातली पहाट यांमुळे दुखणं सुरू होऊ शकतं. तोरणमाळसारख्या ठिकाणी हे जास्त जपायला हवं.

४. खेळ : खेळू द्या, पण दमल्यावर थांबायची मुभा द्या. शिक्षा म्हणून पळवू नका.

५. ताप, श्वासाचा त्रास, छातीत दुखणं : वाट न बघता लगेच दवाखाना. या मुलांमध्ये जंतुसंसर्ग झपाट्याने वाढतो.

६. वेदना : बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून "नाटक करतोय" असं वाटतं. तसं नसतं, रक्तवाहिनी खरंच अडलेली असते.

तपासणी साधी असते. आधी रक्ताच्या थेंबाची विद्राव्यता चाचणी होते. त्यात गढूळपणा आला तर पुढची पक्की चाचणी करतात, तिच्यातून वाहक की रुग्ण ते कळतं. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ पर्यंत आजार संपवण्याचं लक्ष्य आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी.

औषधाची गोष्टही पेशीच्या अभ्यासातूनच आली. नवजात बाळांना हा त्रास जवळजवळ होत नाही, असं न्यूयॉर्कच्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये नोंदवलं. कारण बाळात वेगळं, गर्भकाळातलं हिमोग्लोबिन असतं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध हेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आणि नियमित घ्यायचं असतं. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचारालाही मान्यता मिळाली, पण तो अतिशय महाग आहे.

पाहुण्यांना काय विचारायचं?

आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालयं जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत. तिकडे पेशीविज्ञानाचं व्याख्यान असेल तर वरच्या वर्गातली मुलं घेऊन जा आणि हे प्रश्न तयार ठेवा :

- तुम्ही अभ्यासलेल्या पेशी कोणाच्या? त्यांना काय सांगून संमती घेतली?
- तपासणीचा निकाल त्या लोकांना त्यांच्या भाषेत परत मिळाला का?
- सगळ्यांच्यात तोच एक मणी बदलतो, मग कुणाला त्रास जास्त आणि कुणाला कमी का?
- नवीन उपचार धडगावच्या मुलापर्यंत पोहोचायला काय काय लागेल?

शास्त्रज्ञालाही आपल्याकडून बरंच मिळतं. कोणत्या ऋतूत मुलं जास्त आजारी पडतात, औषध मध्येच का बंद होतं, भिलोरी किंवा पावरीत या दुखण्याला काय म्हणतात, हे शिक्षक आणि पालकच सांगू शकतात.

रक्ताचा नमुना गावातून प्रयोगशाळेत जातो. त्यातून निघालेलं ज्ञान प्रयोगशाळेतून वर्गात आणि वर्गातून घरात परत आणणं हे आपलं काम आहे. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. शाळा सुरू होण्याच्या सुमारासच तो येतो. यंदा त्या आठवड्यात दाण्यांचा खेळ घ्या, पालकांनाही बोलवा आणि वर्गातल्या अनुभवाबद्दल आम्हाला जरूर कळवा.