लेक म्हणते, "मला फिजिक्सच करायचंय!"

मैत्रिणींनो, आपल्या लातूर-नांदेडकडे बारावीचं वर्ष म्हणजे मुलीइतकीच आईचीही परीक्षा, हे मी तुम्हाला सांगायला नको. पहाटेचा क्लास, दुपारचा डबा, रात्रीचं जागरण आणि घरातला टी.व्ही. बंद! लातूर पॅटर्नने कितीतरी मुलींना डॉक्टर केलं, इंजिनिअर केलं, त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण एखाद्या घरी मार्क उत्तम असूनही लेक म्हणते, "आई, मला मेडिकलला नाही जायचं. फिजिक्समध्ये संशोधन करायचंय." झालं! आईच्या पोटात गोळा उठतो. त्यात पुढे काय? पगार कोण देणार? आणि लग्नाचं कसं? अशा घरासाठी आज एका बाईची हकीकत सांगते.

तिचं नाव बिभा चौधुरी. बंगालीत 'व'चा 'ब' होतो, म्हणजे आपली विभाच म्हणा ना. जन्म १९१३ सालचा, कलकत्त्याचा. वडील डॉक्टर. आई ब्राह्मो समाजातली, त्यामुळे मुलींनी शिकावं असं मानणारं घर. १९३६ साली कलकत्ता विद्यापीठातून बिभाबाई भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्या, तेव्हा वर्गात मुलगी म्हणून त्या एकट्याच!

पुढे त्या देवेंद्र मोहन बोस या शास्त्रज्ञांकडे संशोधनासाठी गेल्या. बाईमाणसाला देण्यासारखं काम आपल्याकडे नाही, असं आधी त्यांचं म्हणणं पडलं. बिभाबाई हटल्या नाहीत. शेवटी बोस यांनी त्यांना घेतलं.

काम काय होतं, ते आता समजून घ्या. अवकाशातून पृथ्वीवर सतत कणांचा मारा चालू असतो. हवेवर आपटून त्यांतून आणखी बारीक कण निपजतात आणि पावसासारखे खाली येतात. तुम्ही हे वाचताय ना, एवढ्यात तुमच्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक कण आरपार जातो आहे. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही इतकंच. हे कण पकडायचे कसे? बोस आणि बिभाबाईंनी फोटोच्या काचेच्या प्लेटा दार्जिलिंग, संदकफू अशा उंच डोंगरांवर नेऊन महिनोन्‌महिने ठेवल्या. उंचावर हवा विरळ, त्यामुळे कण जास्त सापडतात. प्लेट धुतली की कण गेल्याच्या वाटेवर ठिपक्यांची बारीक ओळ उमटते, अगदी रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. ती सूक्ष्मदर्शकाखाली शोधायची, ठिपके मोजायचे आणि त्यावरून कणाचं वजन काढायचं. तांदूळ निवडताना लागते ना, तसली चिकाटी. फक्त ती वर्षानुवर्षं!

इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट वजनाच्या 'मेसॉन' कणांच्या खुणा त्यांना मिळाल्या. 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचे निबंध छापून आले. पण काळ दुसऱ्या महायुद्धाचा. मोजमाप अचूक व्हायला अधिक चांगल्या प्लेटा हव्या होत्या आणि त्या हिंदुस्थानात मिळेनात. काम तिथेच अडलं. १९४७ साली इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेल यांनी हीच रीत सुधारलेल्या प्लेटांवर वापरली आणि पायॉन नावाचा कण शोधला. १९५० सालचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. बोस आणि चौधुरी यांनी हे काम आधी केलं होतं, याची नोंद पॉवेल यांनी आपल्या लिखाणात केली आहे. पण नोंद ती नोंदच, नाही का?

बिभाबाई रडत बसल्या नाहीत. १९४५ साली त्या मँचेस्टरला गेल्या आणि ब्लॅकेट या नामवंत शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत काम करून डॉक्टरेट मिळवली. १९४९ साली होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. त्या संस्थेतल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. पुढे अहमदाबादच्या प्रयोगशाळेत आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली चाललेल्या प्रयोगांतही त्यांनी काम केलं. लग्न केलं नाही. २ जून १९९१ रोजी त्या गेल्या. हयातीत एकही मोठा राष्ट्रीय सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही. २०१९ साली मात्र आकाशातल्या एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळालं.

तुम्ही म्हणाल, "बघा, म्हणजे एकटं राहायचं आणि वर नावही नाही! असल्या वाटेला मुलीला कशाला पाठवायचं?" शंका रास्त आहे. पण बिभाबाईंची वाट कुठे अडली ते बघा. बुद्धी कमी पडली नाही, मेहनत कमी पडली नाही. साधनं मिळाली नाहीत आणि दखल घेणारं कोणी नव्हतं. आज या दोन्ही गोष्टी पुष्कळ बदलल्यात. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रोहिणी गोडबोले याच कणांच्या शास्त्रातल्या, मात्र प्रयोगांऐवजी सिद्धान्ताच्या बाजूच्या. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या प्राध्यापक झाल्या, २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ साली त्या निवर्तल्या, तेव्हा देशभरच्या शास्त्रज्ञांनी हळहळ व्यक्त केली.

आणि मुंबई-बंगलोर लांब वाटत असेल, तर आपलं औंढा नागनाथ घ्या. आजवर आपण तिथे ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जात आलो. त्याच औंढ्याजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वलहरी टिपणारी प्रयोगशाळा उभारायला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. तिथे यंत्रं सांभाळायला, मोजमापं घ्यायला माणसं लागणारच. त्यांत आपल्या लेकी का नसाव्यात?

तेव्हा लेकीने विषय काढलाच, तर लगेच 'नको' म्हणू नका. तिच्या कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांना किंवा मॅडमना तिच्यासोबत जाऊन भेटा. पुण्याची 'आयसर', भुवनेश्वरची 'नायसर' यांच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या असतात, त्यांच्या तारखा नीटच्या गडबडीत निसटतात. त्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. घरची परिस्थिती बेताची असेल तर लातूर-नांदेडलाच बी.एस्सी. करून पुढे आय.आय.टी.त एम.एस्सी.साठी 'जॅम' परीक्षा देता येते. चांगल्या संस्थांत पीएच.डी. करताना दरमहा शिष्यवृत्ती मिळते, हेही तिच्या बाबांच्या कानावर घाला. पहिला पगार हाती यायला डॉक्टरकीसारखीच वर्षं लागतात, हे मात्र लपवू नका. सगळं माहीत असूनही ती "फिजिक्सच" म्हणाली, तर तिच्या आजीला समजावायचं काम तेवढं तुमच्याकडे घ्या.