रोग गेला, बधिरता राहिली

तापल्या तव्यावरची भाकरी उलटताना चटका बसला, की आपला हात आपल्याला न विचारताच मागे येतो. परंतु जिला कुष्ठरोग होऊन गेला आहे आणि कोपरामागून जाणारा जिचा मज्जातंतू त्या रोगाने निकामी केला आहे, त्या बाईच्या हाताची करंगळीकडची बाजू तव्याला तशीच टेकून राहते, आणि कातडी करपल्याचा वास आल्यावर काय झाले ते तिला कळते. तिच्या पेटीत रोगमुक्तीचा सरकारी दाखला असतो. शेजारपाजार मात्र दाखला वाचत नाही. तो वाकडी बोटे वाचतो आणि ‘अजून आहे’ असा निवाडा देऊन मोकळा होतो.

या निवाड्यात रोग आणि रोगाची खूण यांची गल्लत आहे. नॉर्वेच्या हान्सेन यांनी 1873 साली ज्या जंतूचा शोध लावला, त्याच्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 1981 साली पुरस्कारलेली बहुविध औषधयोजना रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घेतली, की तो रोग बरा होतो. संसर्गाचा संभव तर पहिल्या काही मात्रांनंतरच जवळजवळ नाहीसा होतो. परंतु औषध जंतू मारते, मेलेला मज्जातंतू जिवंत करीत नाही. सबब वाकडे बोट हा चालू रोगाचा नव्हे, होऊन गेलेल्या लढाईचा पुरावा होय.

‘महारोगात बोटे झडतात’ ही समजूत तर इतकी मुरलेली आहे, की सुशिक्षित माणसेही ती बिनदिक्कत सांगतात. बोटे झडत नाहीत. वेदना हा शरीराचा पहारेकरी. तो उठून गेला, की चटके, काटे, विळ्याचे घाव बिनबोभाट होत राहतात, जखमा चिघळतात, संसर्ग हाडापर्यंत पोचतो आणि हाड झिजत जाऊन बोट आखूड होते. वेलोरचे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी याचा अक्षरशः छडा लावला. काही रुग्णांची बोटे रात्रीतून कमी झालेली आढळत. पाळत ठेवली तेव्हा झोपेत उंदीर ती कुरतडतात आणि रुग्णाला जागही येत नाही, असे निष्पन्न झाले. उपाय म्हणून रुग्णांना मांजरे देण्यात आली! याच ब्रँड यांनी शाबूत स्नायूचा कंडरा दुसरीकडे जोडून वळलेली बोटे पुन्हा उघडण्याची शस्त्रक्रिया रूढ केली; म्हणजे ‘आता काही उपाय नाही’ हेही खरे नव्हे.

‘दुखत नाही, म्हणजे जखम किरकोळ’ हा गैरसमज खुद्द रोगमुक्त माणसाचा असतो, आणि तोच सर्वांत घातक. तळपायाला भोक पडले तरी तो चालत राहतो, आणि चालणे हेच त्या जखमेचे विष असते. रोज संध्याकाळी पाय न्याहाळावेत, अर्धा तास साध्या पाण्यात बुडवावेत, घट्टे हलक्या हाताने घासून ओल्या कातडीवर तेल लावावे, आत मऊ व बाहेर कठीण तळ असलेली, खिळे नसलेली चप्पल वापरावी, तव्याला फडके आणि भाकरीला उलथने घ्यावे. ज्याची पापणी मिटत नाही, त्याने आठवणीने डोळा मिटण्याची सवय लावावी, नाहीतर धुळीने दृष्टी जाते. ही नित्याची तजवीज जन्मभराची आहे.

उपचार संपल्यावर एखादे वर्षी चट्टे पुन्हा लाल झाले किंवा हातपाय दुखू लागले, की ‘रोग उलटला’ म्हणून घरात रडारड होते. बहुधा ती मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराने आरंभलेली प्रतिक्रिया असते. मात्र ती मज्जातंतू जाळू शकते. नवी बधिरता सहा महिन्यांच्या आत दाखवली, तर गेलेली शक्ती पुष्कळदा परत मिळवता येते. म्हणून रडत न बसता दवाखाना गाठावा.

हा रोग पापाचे फळ किंवा आनुवंशिक आहे, या समजुतींसाठी फार शाई खर्चण्याचे कारण नाही. दोन्ही खोट्या आहेत. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ वसवलेल्या आनंदवनात याच हातांनी शेते पिकवली, माग चालवले. कायद्याला मात्र हे उमगायला वेळ लागला. रुग्णांना समाजापासून वेगळे ठेवणारा 1898 चा कायदा रद्द झाला 2016 साली. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे आपल्या वैयक्तिक कायद्यांतून निघाली, ती 2019 साली.