धागा तुटला, गाडी सुटली!

माहीत आहे का, टोयोटा कंपनीची कुंडली मांडली तर लग्नस्थानी चक्क एक यंत्रमाग बसलेला दिसतो? इचलकरंजी-मालेगावकरांनो, कॉलर ताठ करा!

जपानच्या साकिची टोयोडांनी असा माग बनवला, की धागा तुटला रे तुटला, माग आपोआप बंद. साध्या मागावर काय व्हायचं? धागा तुटायचा, माग मात्र खडखडत राहायचा आणि मीटरच्या मीटर खराब कापड बाहेर पडायचं. त्यावर नजर ठेवायला प्रत्येक मागापाशी माणूस हवाच. नव्या मागाने दोन्ही खर्च वाचवले, कापडाचा आणि पहाऱ्याचा.

1924 च्या त्यांच्या 'टाइप जी' मागाचे हक्क 1929 मध्ये प्लॅट ब्रदर्स या इंग्लिश कंपनीने एक लाख पौंडांचा करार करून घेतले. कंपनी कुठली? लँकेशायरमधल्या ओल्डहॅमची! ज्या लँकेशायरच्या कापडाने आपल्या विणकरांना देशोधडीला लावलं, त्याच लँकेशायरला माग शिकायला जपानकडे जावं लागलं. साकिचींचा मुलगा किइचिरो तेव्हा मोटारींच्या नादात होता. त्याच नादातून 1937 मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. धागा तुटला, गाडी सुटली!

आता जरा ओढा बघू!

मागाची 'खटकलं की थांब' ही युक्ती गाड्यांच्या कारखान्यातही आली. टोयोटाच्या अनेक कारखान्यांत कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते, 'अँडॉन' दिव्याची. काहीही खटकलं की ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो आणि ठरलेल्या वेळेत गडबड निस्तरली नाही, तर लाइन थांबते. एसटीत कंडक्टर सोडून दुसऱ्या कुणी दोरीला हात लावला तर काय होतं, ते आठवा. इथे उलट, दोरी ओढणं ही ड्यूटी! मोठ्या प्लांटमध्ये ती दिवसातून हजारो वेळा ओढली जाते.

बरं, हजारो वेळा ओढूनही कंपनी बुडत नाही? नाही, कारण चूक तिथेच पकडली की ती एका पार्टची चूक असते. पुढे सरकली की आख्ख्या गाडीची होते. शोरूमला पोहोचली की ती बातमी होते.

स्प्रिंग उरली? मग घोळ झाला!

साल 1961, यामाडा इलेक्ट्रिकचा कारखाना. एका चिमुकल्या स्विचमध्ये दोन बटणं, बटणांखाली दोन स्प्रिंगा. कामगार अधूनमधून एक स्प्रिंग बसवायला विसरायचे. सुपरवायझर ओरडायचे, सगळे चार दिवस जपून काम करायचे, पुन्हा येरे माझ्या मागल्या. मग शिगेओ शिंगो नावाचे सल्लागार आले. त्यांनी काय आणलं? मशीन? सेन्सर? छे, एक बशी! आधी डब्यातून मोजून दोन स्प्रिंगा बशीत घ्यायच्या, मग स्विच जोडायचा. बशीत स्प्रिंग उरली, तर स्विच अर्धवट. खेळ खल्लास.

चूक करताच येऊ नये, निदान लपू तरी नये, अशी रचना म्हणजे 'पोका-योके'. जगभरच्या कारखान्यांत हा शब्द रुळला आहे. तुमच्या मोबाइलच्या सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला का असतो? उलटं घालू नये म्हणून. हीच ती बशी, वेगळ्या वेशात.

या शिंगोसाहेबांची दुसरी करामत तर झकासच. टोयोटाच्या हजार टनी प्रेसची डाय, म्हणजे साचा, बदलायला चार तास लागायचे. फोक्सवॅगनला म्हणे दोनच तास! अपमान! शिंगोंनी तो वेळ 90 मिनिटांवर आणला. शाबासकी मिळाली? छे, वरून फर्मान आलं: आता तीन मिनिटांत करा. आणि काही महिन्यांत केलंसुद्धा! युक्ती साधी होती. मशीन बंद असतानाच करावी लागणारी कामं वेगळी काढली आणि बाकीची सगळी मशीन चालू असतानाच उरकून ठेवली. भोसरी-चाकणमध्ये 'सेटिंगला वेळ लागतो साहेब' हे वाक्य ऐकून ज्यांचे कान किटलेत, त्यांनी हा परिच्छेद कापून भिंतीवर लावायला हरकत नाही.

आता गणिताचा तास. पळू नका, छोटा आहे!

दहावीला 99 टक्के म्हणजे पेढे. फॅक्टरीत 99 टक्के म्हणजे पंचाईत! एका वस्तूत 100 पार्ट आहेत आणि प्रत्येक पार्ट 99 टक्के वेळा चांगला निघतो. मग सगळेच्या सगळे पार्ट चांगले असण्याची शक्यता किती? जेमतेम 37 टक्के! म्हणजे शंभरातल्या साठाहून अधिक वस्तूंमध्ये कुठे ना कुठे खोट. म्हणूनच मोटोरोलाने 1986 मध्ये 'सिक्स सिग्मा'चा ध्यास घेतला. त्याचं टार्गेट होतं दहा लाख संधींमागे फक्त 3.4 चुका.

सिक्स सिग्मा म्हटलं की आता डबेवाले येणार, असं वाटलं ना? आज त्यांना सुट्टी. त्याऐवजी ट्रॅक्टर घ्या! अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी 1950 मध्ये जपानमध्ये क्वालिटीवर व्याख्यानं दिली, ती पुस्तकरूपाने खपली आणि त्यांनी रॉयल्टी तिथल्याच संस्थेला देऊन टाकली. त्यातून 1951 मध्ये 'डेमिंग प्राइझ' सुरू झालं. 2003 मध्ये ते पटकावणारी जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी कोणती? आपल्या कांदिवली-नागपूरवाल्या महिंद्राचा ट्रॅक्टर विभाग! आणि डेमिंगना त्यांच्याच अमेरिकेने मनावर कधी घेतलं? 1980 मध्ये, टीव्हीवर एक कार्यक्रम झाल्यावर. साहेब तेव्हा 79 वर्षांचे होते. घर की मुर्गी!

एका व्हॉल्व्हने टोयोटा गपगार

1 फेब्रुवारी 1997. जपानमधल्या कारिया शहरात आयसिन कंपनीच्या प्लांटला पहाटे आग लागली. तिथे ब्रेकचा एक हातात मावेल एवढा व्हॉल्व्ह बनायचा. टोयोटाचे जवळजवळ सगळे व्हॉल्व्ह तिथूनच यायचे आणि टोयोटाकडे साठा होता तो काही तासांपुरता. 'गोदामात माल पडून राहणं म्हणजे पैसा सडणं' हे तत्त्व त्यांनी इतकं काटेकोर पाळलं होतं, की पुरवठा आटताच देशातल्या बहुतेक लाइन बंद पडल्या.

पुढची गंमत सिनेमात शोभेल अशी. पुरवठादार कंपन्या कंबर कसून कामाला लागल्या. ड्रॉइंग मागवली, मिळेल त्या मशीनवर व्हॉल्व्ह घडवू लागल्या. शिलाई मशीनवाली ब्रदर कंपनीसुद्धा यात होती, जिने मोटारीचा पार्ट कधी बनवलाच नव्हता! आठवडाभरात टोयोटाची चाकं पुन्हा फिरू लागली.

माझं मत विचाराल तर दोष कमी साठ्याचा नव्हता. साठा कमी ठेवा, बेशक ठेवा. पण सगळी भिस्त एकाच छपराखाली ठेवली, की वाचवलेला पैसा एका ठिणगीत जातो.

विश्वास बसत नाही? मग रंगाची गोष्ट ऐका. 2011 चा जपानमधला भूकंप आणि त्सुनामी. ओनाहामाचा एक रंगद्रव्याचा प्लांट बंद पडला. मोटारीच्या पेंटला चमचम आणणारं हे झिरॅलिक नावाचं द्रव्य जगात फक्त तिथेच बनायचं. परिणाम? तिकडे अमेरिकेत फोर्डने डीलरांना कळवलं, 'टक्सीडो ब्लॅक' रंगाच्या ऑर्डरी तूर्त घेऊ नका. काळ्या गाडीचे शौकीन काळवंडले!

पुन्हा कारियाला चला, काम आहे. आयसिनचं मुख्यालय इथे, टोयोडांचा मागांचा कारखाना इथलाच आणि डेन्सो कंपनीही इथलीच. डेन्सोच्या कामगारांना एका खोक्यावरचे दहा-दहा बारकोड स्कॅन करून वैताग आला होता. तिथल्या मासाहिरो हारांनी 1994 मध्ये चौकोनी कोड बनवला, कल्पना सुचली 'गो' या पटावरच्या खेळातून. पेटंट होतं, पण कंपनीने वापरावर बंदी घातली नाही, पैसेही मागितले नाहीत. ओळखलंत? वडापावच्या गाडीवर तुम्ही ज्याला फोन दाखवता, तोच क्यूआर कोड! जन्म मोटारीच्या पार्टांचा हिशेब ठेवायला, संसार मात्र चिंच-गुळाच्या चटणीशेजारी.

बाळं शहाणी, मोठी माणसं वेडी

डायपर. हो, तेच! बाळांचा वापर रोज जवळपास सारखाच. तरीही पॅम्पर्सवाल्या पी अँड जीला दिसलं, की डिस्ट्रिब्युटरच्या ऑर्डरी वरखाली उड्या मारताहेत आणि कंपनी पुढे कच्च्या मालाच्या ज्या ऑर्डरी देत होती, त्या तर त्याहून उंच! दुकानदार 'असू द्या थोडा जास्त' म्हणतो, डिस्ट्रिब्युटर त्यावर थोडा, कंपनी त्यावर आणखी थोडा. स्कीम आली की सगळे एकदम उचलतात, संपली की सगळे गप्प. याला 'बुलव्हिप इफेक्ट' म्हणतात. इलाजही फार अवघड नाही: दुकानात रोज खरोखर किती विकलं, तो आकडा साखळीतल्या सगळ्यांना दाखवा. अवघड आहे ते दाखवायला तयार होणं!

एकमेकांशी मेळ नसल्याचा आणखी एक नमुना: एअरबस ए380 ठाऊक आहे? विमानात वायर किती? 530 किलोमीटर! मुंबईहून सोडली तर सावंतवाडी गाठेल. पण हॅम्बुर्ग आणि टूलूजच्या इंजिनिअरांकडे डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. जोडायला बसले, तर वायरी तोकड्या! विमान रखडलं.

आणि आता भंगारातून सोनं. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीत भरपूर लाकूड लागायचं, त्यामुळे भुसा आणि तुकड्यांचे ढीग साठायचे. 1920 च्या दशकात फोर्डने त्याचा कोळसा केला, दाबून वड्या पाडल्या आणि त्या कुठे विकल्या माहीत आहे का? फोर्डच्याच शोरूममध्ये! गाडी घ्या, सहलीला जा, तिथे मांस भाजा, कोळसाही आमचाच. लाकडासाठी जंगलाची जमीन शोधून देणारे फोर्डचे नातेवाईक एडवर्ड किंग्सफोर्ड यांचं नाव पुढे या ब्रँडला मिळालं. मॉडेल टी 1927 मध्ये बंद झाली. अमेरिकेतल्या दुकानांत किंग्सफोर्डच्या पिशव्या अजून खपताहेत!